गोधडीच्या पाठीला काठ हवाय, कापड किती घेऊ?

सुईदोरा: वरची बाजू ६० × ९० इंच, जोडून तयार आहे. पाठीला मधे छापील कापड आणि चारी बाजूंनी साधा काठ. हातानेच धावदोरा घालणार. शनिवारी मुंबईच्या मंगळदास मार्केटला जातेय, मापं सांगा.

काठपदर: पाठ चारी बाजूंनी ३ इंच मोठी, म्हणजे ६६ × ९६ करा. ४४ पन्ह्याचं (म्हणजे ४४ इंच रुंदीचं) कापड धुऊन, किनारी काढून ४१ धरा. मधला तुकडा ४१ × ७१, त्याला २ मीटर पुरतं. बाजूच्या पट्ट्या १३.५ × ७१, वरखालच्या १३.५ × ६६, प्रत्येकी दोन. शिलाईचा अर्धा इंच धरलाय. आधी बाजूच्या जोडा.

काठाला ५८ पन्हा मिळाला तर उत्तम, चारही पट्ट्या उभ्या (कापडाच्या लांबीत) निघतात आणि २ मीटरमध्ये भागतं (धुतल्यावर ५४ उरलं पाहिजे). ४४ असेल तर पावणेतीन मीटर घ्या. तीन पट्ट्या उभ्या, चौथी दोन आडव्या तुकड्यांची. आडवं कापड ताणतं, म्हणून ती पायाकडे.

सुईदोरा: १३ इंच फार होतो हो. ४ इंचांचा काठ नाही का चालणार?

काठपदर: कडा छाटल्यावर १०च दिसेल. टाके घालताना थर सरकतातच. अर्धा इंच सरकला तर १० इंचांत कळत नाही, ४ इंचांत एका बाजूला साडेतीन, दुसरीकडे साडेचार दिसतो. शिवाय मधलं कापड ५३ इंच लागेल, ते ४४ पन्ह्यात बसत नाही. छापाला मधोमध जोड कशाला?

उसवणी: पट्टीची लांबी मधल्या तुकड्याच्या कडेवर मोजू नका, मधोमध मोजा. कड ताणलेली असते, तिच्या मापाने कापलेला काठ लाटा मारतो. दोघांचे मध्य जुळवून टाचण्या लावा, मग टोकं. शिलाई उघडून इस्त्री करा, एका बाजूला दुमडली की हाताची सुई तिथे अडते. घट्ट विणीचं पॉपलिन नको, मलमल किंवा केंब्रिक घ्या. आणि दमट हवेत कापड वाळलंसं वाटतं, पण नसतं. इस्त्री फिरवूनच मोजा.

सुईदोरा: काठ लाल घेतला तर?

उसवणी: वेगळा धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. फडकं गुलाबी झालं तर तो काठ या गोधडीला नको.