वर नटराज, खाली शेषशायी

थायलंडमधल्या पनोम रुंग या शंकराच्या देवळात दारावर विष्णू कसा, असा प्रश्न पडतो. देऊळ शैवच आहे. त्याच दारावर नीट वर पाहा, नाचणारा शिव दिसेल, शेषशायी त्याच्याखाली. ते घडवणाऱ्या ख्मेर (प्राचीन कंबोडियाच्या) कारागिरांना याचं वावडं नव्हतं.

विझलेल्या ज्वालामुखीच्या डोक्यावरचं हे मुख्य देऊळ १२व्या शतकातलं, इथला शासक नरेंद्रादित्य याच्या काळचं. शेषशायी कोरलेली ती दारावरची दगडी पट्टी मात्र फार फिरून आलीय: १९६०च्या दशकात चोरीला गेली, सापडली थेट शिकागोच्या संग्रहालयात, १९८८मध्ये बुरिरामला, म्हणजे देवळाच्या प्रांतात, परतली.

एप्रिलच्या सुरुवातीला उगवता सूर्य पंधराही दारांतून आरपार दिसतो. आम्ही गेलो डिसेंबरात, भर दुपारी! पंचमुखी नागांच्या पुलावर बसून घाम पुसला, एवढंच.