मिलानचं जुनं कब्रस्तान बघायला आईला न्यावं का?

गोदाकाठची
मे महिन्यात मी आणि आई मिलानला भावाकडे चाललोय. तिथलं चिमितेरो मोनुमेंताले बघायची माझी फार इच्छा आहे, शिल्पं फार सुंदर आहेत म्हणतात, जमलं तर जेनोवाचं स्तालिएनो कब्रस्तान पण करायचंय. पण आई म्हणते मसणात काय फिरायला जायचं, कोणाचं तरी माणूस गेलेलं असणार आणि आपण फोटो काढत बसणार का. तिचं म्हणणं खोडून काढावंसं वाटत नाही. कोणी गेलं असेल तर सांगा प्लीज.

इंदिरानगरकर
नक्की जा. मोनुमेंतालेला तिकीट नाही, फक्त सोमवारी बंद असतं, आणि त्याच नावाचं मेट्रो स्टेशन आहे. १८६६ ला सुरू झालं. काम्पारी घराण्याच्या थडग्यावर येशूच्या शेवटच्या जेवणाचा अख्खा देखावा आहे ब्रॉन्झमधे, तो चुकवू नका. पण एकच करणार असाल तर मी स्तालिएनो म्हणेन. तिथे कातेरीना काम्पोदोनिको म्हणून एका फेरीवालीचा पुतळा आहे, ही बाई जत्रांमधून सुक्यामेव्याच्या माळा आणि कड्याच्या आकाराचे गोड पाव विकायची, आयुष्यभर पैसे साठवले आणि १८८१ ला जिवंतपणीच स्वतःचा संगमरवरी पुतळा करून घेतला, तोही लोरेंझो ओरेंगोसारख्या शिल्पकाराकडून. हातात त्याच माळा, अंगावर लेस लावलेला ठेवणीतला पोशाख. आजूबाजूला सगळे श्रीमंत व्यापारी आणि मधे ही. मला तर भरून आलं.

देवळालीचा
काकूंचा मुद्दा बरोबर आहे. पॅरिसच्या पेर लाशेझ कब्रस्तानात लेखक ऑस्कर वाइल्डच्या थडग्याचे लोक लिपस्टिक लावून मुके घ्यायचे, त्यातलं तेल दगडात मुरून दगड खराब व्हायला लागला, शेवटी २०११ ला भोवती काच लावावी लागली. ही सगळी ठिकाणं आजही वापरात आहेत. अंत्यविधी चालू असेल तर लांबूनच वळायचं, ताजी फुलं दिसली तिथे कॅमेरा नको, आणि चौथऱ्यावर बसायचं नाही. एवढं पाळलं तर कोणाला त्रास होत नाही.

पंचवटी_४२२००३
ताई, आईंना कपूरथळ्याच्या महाराजांच्या स्मारकाची आठवण करून द्या. १८७० ला इंग्लंडला जाताना एडनला वारले आणि अंत्यसंस्कार आपल्या नाशकात झाले. ते स्मारक बघायला कोणी नको म्हणतं का, उलट पाहुणे आले की आपणच गोदाघाटावर घेऊन जातो.

गोदाकाठची
सगळ्यांना थँक्यू! आईला फेरीवालीचं वाचून दाखवलं, तिला बघायला यायचंय म्हणाली. मिलानच्याला अजून नाहीच म्हणतेय, तिथे मी एकटी जाईन. जेनोवाला चढ किती आहे, तिचे गुडघे दुखतात?

इंदिरानगरकर
डोंगरउतारावर आहे, पण तो पुतळा खालच्या गॅलरीतच आहे. वरचा झाडीचा भाग सोडून द्या, आणि सकाळी लवकर जा.