डॅक घेण्याआधी स्पीकर भिंतीपासून हलवा

गोदाकाठी
घरच्या स्टिरिओचा आवाज सुधारायचाय असं हल्ली कुणालाही सांगा, पहिलं उत्तर येतं, "चांगला डॅक घे." डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा ॲम्पला (आवाज वाढवून स्पीकरला देणाऱ्या ॲम्प्लिफायरला) समजेल असा सिग्नल करणारी डबी. माझं मत स्पष्ट आहे. १५ हजार हातात असतील तर त्यातला एक रुपयाही आधी तिथे जाऊ नये.

१६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४४,१०० नमुने) हे सीडीचं माप १९८२ मध्ये बाजारात आलं, ते आजही माणसाच्या कानाला पुरून उरतं. त्यात २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. पन्नाशीनंतर आपल्यातल्या बहुतेकांना १४ च्या वरचं ऐकूच येत नाही. डोक्यावर पंखा गरगरतोय, खाली रिक्षा हॉर्न मारतेय आणि आपण १९२ किलोहर्ट्झच्या फाइली उतरवतोय!

आवाज बिघडतो तो खोलीत. आपल्या नाशिकच्या गंगापूर रोडचे नवे फ्लॅट बघा: सपाट भिंती, गुळगुळीत टाइल्स, मोठ्या काचा. समोरासमोरच्या भिंतींत १० फूट अंतर असेल तर साधारण ५६ हर्ट्झला आवाज त्यांच्यात अडकून फुगतो. मग खालचा एखादाच सूर खोलीभर गडगडतो आणि शेजारचा गायब. स्पीकर कोपऱ्यातून काढा, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणा. ट्वीटर (उंच सूर काढणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला, दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण. जमिनीवर जाड गालिचा टाकला की टाळीनंतरचा झणझणाट कमी होतो. बेसला, म्हणजे खालच्या सुरांना, मात्र गालिच्याने ढिम्म फरक पडत नाही.

अंबडचा फिटर
भाऊ, लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून ॲम्पला वायर लावली की नुसता माउस हलवला तरी चुरचुर येते. तिला तुमचा त्रिकोण काय करणार?

आधी चार्जर काढून बघायचं. चुरचुर किंवा गुणगुण (हम) थांबली तर घोळ अर्थिंगचा. लॅपटॉप आणि ॲम्प दोघांना वेगवेगळ्या वाटेने अर्थ मिळते आणि मधल्या ऑडिओ वायरच्या जाळीतून करंट फिरतो. ऑप्टिकल वायर उजेड नेते, वीज नेत नाही, त्यामुळे ती चुरचुर आणि ५० हर्ट्झची हम तिथेच तुटते. पण ॲम्पला ऑप्टिकल इनपुट नसेल तर मध्ये डॅक लागतोच ना? साधी स्वस्तातली डबी पुरते, पण ती आधी, गालिचा नंतर. आणि हो, हम घालवायला प्लगची अर्थ पिन तोडणारे महाभाग असतात. तसलं काही करू नका, शॉक बसेल.

सिडकोवाली
भिंतीपासून दोन फूट पुढे? आमच्या हॉलमध्ये दोन फूट पुढे म्हणजे थेट दिवाणावर. त्रिकोण काढायचा तर सासूबाईंना गॅलरीत बसवावं लागेल.

जागा हलत नसेल तर सिग्नल बदला. रूम ईक्यू विझार्ड नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मोजमापाचा यूएसबी माइक बसण्याच्या जागी ठेवा, खोली कुठल्या फ्रिक्वेन्सीला फुगते ते आलेखात दिसतं. तो फुगवटा ईक्यूने (इक्वलायझरने) तेवढाच खाली आणायचा. खड्डा दिसला तर भरायला जाऊ नका. तिथे लाटा एकमेकींना मारतात, कितीही ढकललं तरी ॲम्पच दमतो. गोदाकाठींच्या १५ हजारांतले पैसे मी माइकवर घालीन.

शिवाय निम्मे लोक ब्लूटूथवरच ऐकतात. ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवणाऱ्या साध्या एसबीसी कोडेकला सेकंदाला साधारण ३२८ किलोबिट, सीडीला १४११. डॅकवर भांडण्याआधी वायर तरी लावा.

तानपुरा६५
मंडळी, आकडे झाले, आता कान. मी पंचवटीत जुन्या वाड्यात राहतो. जाड भिंती, लाकडी छत, पुस्तकांची कपाटं. खोली मुळातच चांगली आहे, म्हणून मला डॅकमधला फरक ऐकू येतो. महागाच्या डॅकवर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणकार, वेगळीच उलगडते. वायर बदलली तरी कळतं. ज्यांना कळत नाही त्यांनी आलेख बघावेत.

गोदाकाठी
काका, आदर ठेवून विचारतो, दोन्ही डॅकचा व्होल्यूम एकसारखा होता का? अर्धा डेसिबल जास्त असला तरी आवाज मोठा वाटत नाही, 'चांगला' वाटतो. टेस्ट टोन लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने व्होल्टेज एक टक्क्याच्या आत जुळवायचं, मग कुठला डॅक चालू आहे ते न बघता ओळखायचं. वायरचं तर बोलूच नका; पुरेशी जाड तांब्याची वायर झाली की विषय संपला.

तानपुरा६५
मल्टिमीटरने गाणं ऐकायची वेळ आली म्हणायची.

बरं, खरा फरक तुम्ही कुणीच काढला नाहीत. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तीच तबकडी तीन जागी डिजिटल केलेली ऐका. एकाने खरखर काढताना तानपुराही पुसलेला असतो, दुसऱ्याने आवाज इतका दाबून मोठा केलेला की आलाप आणि तान एकाच पातळीवर. त्यापुढे तुमचा डॅक, माझी वायर आणि सिडकोवाल्या ताईंचा माइक, सगळं गौण.

सिडकोवाली
हे मात्र शंभर टक्के, काका. ॲपवर एकाच गाण्याच्या चार आवृत्त्या असतात आणि लोक पहिली दिसेल ती लावतात. पण चांगली आवृत्ती मिळाली तरी ती माझ्या ५६ हर्ट्झच्या खोलीतूनच वाजणार ना?

अंबडचा फिटर
मल्टिमीटर माझ्याकडे आहे. काका, रविवारी वाड्यावर येऊ का? दोन्ही डॅक काढून ठेवा, वर पडदा मी टाकतो. दहापैकी नऊ वेळा ओळखलंत तर इथे जाहीर लिहीन.

तानपुरा६५
या. चहा मिळेल. पंखा बंद राहील. आणि तबकडी मी निवडणार.