सर्व्हर वेगवान झाला आणि रात्रीचे बॅच जॉब गंडले, सल्ला हवा

रातपाळी:
मागच्या आठवड्यात सर्व्हर बदलला. कोड तोच, क्रॉनटॅब (कुठला जॉब किती वाजता चालवायचा त्याची यादी) तोच. पहिला जॉब ३०० शाखांच्या फाइली काढतो. पूर्वी पाऊण तास लागायचा, आता सहा मिनिटांत उरकतो. दुसरा जॉब त्या लोड करतो. पण रोज सकाळी आठ-दहा शाखा गायब, त्याही बहुतेक लहान. लॉगमध्ये एरर नाही, एक्झिट कोड शून्य, म्हणजे जॉबच्या मते सगळं सुरळीत. तीच शाखा हाताने चालवली की सगळं ठीक! दोन शाखांच्या मध्ये स्लीप (काही सेकंद थांबायची कमांड) टाकू का?

झोपमोड:
स्लीप २ टाका आणि निवांत झोपा. आमच्याकडे तीन वर्षं चालू आहे.

जुनं_खोड:
आणि पुढचा सर्व्हर आला की पुन्हा इथेच भेटू. रातपाळी, फाइलचं नाव कशावरून बनतं? त्यात फक्त तास-मिनिट-सेकंद असतील तर एकाच सेकंदात दोन फाइली निघून दुसरी पहिलीला पुसतेय. जुन्या मशीनवर एका शाखेला सरासरी ९ सेकंद लागत, म्हणून इतकी वर्षं निभावलं. लहान शाखाच का जातात, तेही यातच आलं.
शेल स्क्रिप्ट असेल तर नोक्लॉबर हा शेलचा पर्याय चालू करून बघा. असलेल्या फाइलवर > ने लिहायला गेलात की गुपचूप पुसण्याऐवजी जॉब बोंब मारेल.
(वेगवान मशीनवर जुना कोड गंडणं नवं नाही. टर्बो पास्कल ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा वापरलेल्यांना 'रनटाइम एरर २००' आठवत असेल. तिचं सीआरटी युनिट (स्क्रीन-कीबोर्डचं तयार कोड-पॅकेज) सुरुवातीलाच प्रोसेसरचा वेग मोजायचं. प्रोसेसर फार वेगवान निघाला की भागाकार ओव्हरफ्लो, आणि आपली पहिली ओळ चालण्याआधीच प्रोग्रॅम आडवा.)

अर्धविराम:
नावाचं बरोबर आहे. शिवाय अर्धवट लिहिलेली फाइल लोडरने उचलू नये म्हणून आधी .टीएमपी नावाने लिहा, पूर्ण झाली की रीनेम करा. दोन्ही नावं एकाच फाइलसिस्टिमवर हवीत, नाहीतर एमव्ही (रीनेम करणारी कमांड) आतून कॉपीच करतं.

रातपाळी:
सापडलं! नावात नुसती वेळच होती, शाखेचा कोड जोडला. आज ३०० पैकी ३००. आता दोनचा लोड जॉब अलीकडे आणू का? पहिला तर एक वाजून सहा मिनिटांनीच संपतो.

जुनं_खोड:
घड्याळ सोडा हो. दोन्ही जॉब एकाच स्क्रिप्टमध्ये && ने जोडा. पहिला फसला तर दुसरा सुरूच होणार नाही.