टसरच्या पतंगाचं ‘वितरण’ की आढळ? आणि होस्ट प्लांटला काय म्हणायचं?

– टसर रेशमाच्या पतंगावरचं एक माहितीपत्रक मराठीत करतोय. डिस्ट्रिब्यूशन आणि होस्ट प्लांट असे दोन मथळे आहेत, डिक्शनरीत वितरण आणि यजमान वनस्पती मिळालं, पण वितरण म्हटलं की रेशनचं दुकानच डोळ्यापुढे येतं हो. काय लिहू?

– वितरण नकोच. पक्षी-फुलपाखरांवर लिहिणारे ‘आढळ’ लिहितात, तेच घ्या. आढळ: झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, तेलंगणा, आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया. झालं काम.

– ‘प्रसार’ नाही चालणार?

– प्रसार म्हणजे पसरत जाणं ना. अमेरिकन लष्करी अळी २०१८ला कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी आपल्या मक्यावर पण आली, त्याला प्रसार म्हणा. टसर कुठून आलेला नाही, तो इथल्याच जंगलातला.

– यजमान शब्द मला कीड, रोग, बांडगूळ यांच्यापुरताच बरा वाटतो. इथे सरळ खाद्यवनस्पती लिहा, पण ‘पतंगाची’ नको, ‘अळीची’ लिहा. पानं खाते ती अळी, पतंगाला खायला धड तोंडच नसतं, कोशातून निघाला की जोडी जमवायची, मादीने अंडी घालायची आणि थोड्या दिवसांत खेळ खलास, त्याला कसलं खाद्य!

– मी आरमोरीकडचा. ही अळी ज्याची पानं खाते त्या ऐनाच्या झाडाला आमच्याकडे येन म्हणतात, तेही कंसात टाका दादा, नाहीतर ज्यांचा हा धंदा आहे त्यांनाच कळायचं नाही. ढिवर लोक जंगलात येनावर नि अर्जुनावर अळ्या सोडतात आणि मग पाखरं, मुंग्या यांच्यापासून राखत बसतात, तुतीच्या रेशमासारखं घरात ट्रेमध्ये पाळणं नाही हे. आणि कोशाला कोसा म्हणतात, कापडालाही कोसाच.

– बस्तरचा ‘रैली’ नावाचा कोसा मात्र सालाच्या झाडावरचा. म्हणजे मुख्य झाडं ऐन, अर्जुन, साल, बाकी बोरासारखी दुय्यम.

– मस्त. मग ‘आढळ’ आणि ‘अळीच्या खाद्यवनस्पती’ फायनल करतो. ‘ऐन, अर्जुन व साल’ असं लिहिलं तर चालेल ना?

– ‘साल वृक्ष’ लिहा हो, नाहीतर लोक वाचतील की अळी अर्जुनाची साल खाते.