जुने पॅड भंगारात घाला म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

गणपतीपेठकर (सांगली)
परवा इथं एकानं लिहिलं की जुन्या व्हिडिओ गेमचे वायरवाले पॅड भंगारात घाला, ब्लूटूथचा एक नवा घ्या, सगळ्या मशीनला चालतो, रबर घासत बसायला वेळ कुणाला आहे. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. सगळ्या मशीनला चालतो हे धादांत खोटं आहे. नव्वदच्या दशकात आपल्याकडं घरोघरी जे आलं ते बहुतेक क्लोन, म्हणजे निन्टेन्डोच्या एनईएस मशीनची नक्कल, त्याला 9 पिनी जॅक. खऱ्या एनईएसचा जॅक 7 पिनी. 1983 च्या फॅमिकॉमचे, म्हणजे एनईएसच्या जपानी भावाचे, तर पॅड मशीनलाच कायमचे जोडलेले, काढता येतच नाहीत. आणि सेगा या दुसऱ्या कंपनीच्या मेगा ड्राइव्ह मशीनचा पॅडपण 9 पिनीच, क्लोनमध्ये गपकन बसतो, पण आतली जोडणी वेगळी, पाच व्होल्टची पिन भलत्याच जागी. बसतंय म्हणून खुपसलं की मशीन जायची भीती.

आणि मुळात बिघडतं काय? मूळ पॅडमध्ये 4021 नावाची एक चिप, आठ बटणं, पाच वायरी. चिप सहसा जात नाही. एकतर वायर पॅडमध्ये शिरते तिथं आतून तुटते, नाहीतर रबराखालच्या काळ्या टिकल्या मळतात. मागचे स्क्रू काढा, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन टिकल्या आणि बोर्डावरची काळी नक्षी हलक्या हातानं पुसा, वाळू द्या, झालं. एवढ्यासाठी चांगली वस्तू फेकायची?

राजवाडा_सातारा
ती पोस्ट माझीच. धादांत खोटं वगैरे शब्द जरा जपून वापरा. मी पुण्याला नोकरी करतो, शनिवारी रात्री साताऱ्यात येतो, रविवारी संध्याकाळी परत. त्यात पोराला मारिओ दाखवायचा का डिसेंबल करत बसायचं? आणि तुमच्या त्या क्लोनचे पॅड नवे होते तेव्हाच भिकार होते, दिशेचं बटण उजवीकडं दाबलं तर खाली जायचं, अंगठ्याला फोड यायचे. कसली चांगली वस्तू? मी टीव्हीला छोटा बॉक्स लावलाय, वायरलेस पॅड आहे, पोरगं सोफ्यावर लोळून खेळतंय, खूश आहे.

मिरज_रिपेअर
राजवाडा, तुम्ही खेळताय ते एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, त्याला ब्लूटूथ चालणारच. गणपतीपेठकर बोलतायत ते खऱ्या मशीनचं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, उगाच भांडू नका.

मी टीव्हीचे रिमोट दुरुस्त करत आलोय, रिमोटचं रबर आणि पॅडचं रबर तत्त्व एकच. टिकलीवरचा कार्बन झिजला तर लोक चांदीचा कागद चिकटवतात, तेवढं करू नका, बोर्डावरची नक्षी खरवडून निघते. मऊ 8बी पेन्सिल टिकलीवर घासली तर काही दिवस ढकलतं, कायमचं नाही. आणि 2019 च्या पुरात भिजलेले पॅड आले होते माझ्याकडं, कृष्णेचा गाळ वाळून आत दगड झालेला. ते नुसतं पुसून होत नाही, बोर्ड सोडवून धुवावा लागतो. वायरीचं तांबं आतून हिरवं पडलं असेल तर पूर्ण वायर बदला, तुकडा जोडत बसू नका.

विश्रामबाग_पीएस2
पीएस2, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन 2 वाल्यांचं कोण बोलणार? त्याच्या ड्युअलशॉक 2 पॅडमध्ये टिकल्या पुसून भागत नाही, आत पातळ फिल्म असते, ती बोर्डावर दाबून धरणारा फोम चपटा झाला की बटणं आपोआप दाबली जातात. फोमखाली चिकटपट्टीची घडी सरकवली की ठीक होतं. नवा म्हणून ऑनलाइन जो घेतला तो डुप्लिकेट निघाला, बाहेरून हुबेहूब. खऱ्या पॅडला बटण किती जोरात दाबलं ते कळतं, ग्रॅन टुरिस्मोत एक्स हलकं दाबलं तर गाडी हळू जाते. डुप्लिकेटवर गाडी एकतर फुल्ल नाहीतर बंद. वळणावर प्रत्येक वेळी भिंतीत. विक्रेत्यानं परत घ्यायला साफ नकार दिला, तो राग अजून डोक्यात आहे.

कराडकर_कॉन्ट्रा
बाकी काहीपण घ्या, वरती टर्बोची, म्हणजे नुसतं दाबून धरलं की आपोआप भराभर ठोकणारी, दोन जादा बटणं असलेला पॅड घेऊ नका. आमच्या वाड्यात एकाकडं तसला होता, कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये तो नुसता दाबून बसायचा आणि मी अंगठा सुजेस्तोवर ठोकायचो, स्कोअर त्याचा जास्त म्हणून सगळी पोरं त्याचं कौतुक करायची. ही चक्क चिटिंग आहे. ज्याला बटण मारता येत नाही त्यानं गेम खेळू नये.

विश्रामबाग_पीएस2
कॉन्ट्राच्या सुरुवातीला वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए अशी बटणं दाबून फुकटात 30 जीव मिळवत होता का नाही? ते चिटिंग नव्हतं?

कराडकर_कॉन्ट्रा
ते गेम बनवणाऱ्यांनीच ठेवलंय. टर्बो बाहेरून आणलेला.

मिरज_रिपेअर
बाहेरून कुठला? निन्टेन्डोनं स्वतः 1987 मध्ये एनईएस अ‍ॅडव्हान्टेज नावाचा मोठा जॉयस्टिक काढला, त्याला टर्बो, वर वेग कमीजास्त करायची घुंडी, शिवाय स्लोचं बटण. ते स्लो म्हणजे भराभर स्टार्ट दाबून गेम थांबवत थांबवत चालवणं. कंपनीनंच विकलं तर चिटिंग कसली? आणि कुठलं बटण दाबलंय ते मशीन पॅडला विचारणार चित्रागणिक एकदा. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीच्या मशीनवर सेकंदाला 50 चित्रं, म्हणजे दाबणं सोडणं धरून 25 च्या वर गोळ्या टर्बोवरपण निघत नाहीत.

कराडकर_कॉन्ट्रा
कंपनीनं विकलं म्हणजे बरोबर, असं कुठं असतंय काय? जपानमध्ये हडसन या गेम कंपनीचा ताकाहाशी मेइजिन सेकंदाला 16 वेळा बटण मारायचा, नुसत्या हातानं, त्यावर अख्ख्या पिढीनं त्याला डोक्यावर घेतलं. त्याला टर्बो दिला असता तर कुणी विचारलं असतं का? हाताची कमाई ती हाताची कमाई. तुम्हा लोकांना सगळं आयतं पाहिजे.

खणभागची_ताई
"मारता येत नाही त्यानं खेळू नये" हे वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या वडिलांना लकवा झाला, उजवा हात अर्धाच चालतोय. अंगठा दाबून धरता येतो, ठोकता येत नाही. माळ्यावरची जुनी मशीन भावानं काढून दिली, टर्बोवाला पॅड मुद्दाम शोधून आणला, रोज संध्याकाळी गॅलागा खेळतात. डॉक्टरांनी बोटं हलवत राहा सांगितलंय. त्यांनीपण खेळू नये का?

कराडकर_कॉन्ट्रा
ताई, काकांबद्दल मी बोललोच नव्हतो, त्यांनी खुशाल टर्बो वापरावा. धडधाकट माणसाबद्दलचं माझं मत मात्र तेच राहणार.

खणभागची_ताई
मग लिहिताना तसं लिहा. कोण कसल्या हातानं खेळतंय ते इथं बसून कळत नाही.

राजवाडा_सातारा
एवढ्या गदारोळात मूळ विषय गेला. बरं, सगळ्या मशीनला चालतो हे वाक्य मागं घेतो, बास? पण वायरलेस लेट होतो म्हणून जे लोक येतात त्यांना सांगतो, घरचा एलईडी टीव्ही चित्र दाखवायला लावतो तो वेळ चांगल्या वायरलेस पॅडपेक्षा जास्त असतो. टीव्हीचा गेम मोड चालू करा आणि मग पॅडला नावं ठेवा.

गणपतीपेठकर (सांगली)
हे मात्र मान्य करावं लागतंय. गेमची जुनी बंदूक तर त्या टीव्हीवर चालतच नाही, तिला जुना डबा टीव्हीच लागतो. पण वेळ नाही हे कारण मला अजून पटलेलं नाही. तुमचा जुना पॅड टाकलात का आहे?

राजवाडा_सातारा
आहे. आईनं पिशवीत बांधून ठेवलाय. डावं बटण लागत नाही आणि वायर हलवली की सगळाच बंद पडतो.

मिरज_रिपेअर
म्हणजे वायर तोंडाशी तुटलीय. तिथली चार बोटं लांबीची वायर कापून पुन्हा सोल्डर करा. कापायच्या आधी आतला फोटो काढा, क्लोनमध्ये वायरींच्या रंगाला काही नियम नसतो, लाल म्हणजे पाच व्होल्ट धरून चालू नका, मल्टिमीटर लावून जॅकच्या पिनेपासून एकेक वायर तपासा. तेवढ्यात डावी टिकलीपण पुसून घ्या.

कराडकर_कॉन्ट्रा
आणि त्याला टर्बो असेल तर त्या वायरी जोडूच नका.