निवाऱ्याला पैसे मिळतात, घराला मिळत नाहीत. पत्रात काय लिहू?

कोरा_कागद

नमस्कार. एका लहान संस्थेसाठी मी देणगीची पत्रं लिहिते. पगारी नाही, सुट्टीच्या दिवशी. संस्थेची कामं दोन. घर सुटलेल्या कुटुंबांसाठी अकरा खोल्यांचा निवारा, आणि तिथून बाहेर पडणाऱ्यांना परवडेल अशा भाड्यात घर मिळवून देणं. म्हणजे डिपॉझिट भरायचं, घरमालकाला हमी द्यायची, पहिलं वर्षभर भाड्यातला काही भाग उचलायचा.

पहिल्या कामाला पैसे येतात. थंडी पडली, पत्र गेलं, की आठवड्यात पांघरुणांचा ढीग. गेल्या खेपेला एका पिशवीत तीन बूट निघाले, तिन्ही डाव्या पायाचे. असो, देणगी ती देणगी. दुसऱ्या कामासाठी त्याच यादीवर पत्र पाठवलं, तर उत्तरं आली चार. एका जुन्या देणगीदारांनी फोनच केला, "ताई, मुलांना गाद्या देतो, पण घरमालकाचा खिसा कशाला भरू?"

त्यांचा राग आला नाही, कारण मलाही चटकन उत्तर सुचलं नाही.

एक कुटुंब सात महिने निवाऱ्यातच आहे. आई कामाला जाते, पगारातून भाडं निघेल, पण डिपॉझिटची रक्कम एकदम हातात येत नाही. तिने बॅग अजून रिकामी केलेली नाही. लागेल तेवढं काढते आणि परत चेन लावते. तिची खोली अडलेली, म्हणून दाराशी आलेलं पुढचं कुटुंब माघारी जातं. हे सगळं लिहिलं की पत्र दोन पानांचं होतं, आणि दुसरं पान कोण वाचतो? विश्वस्त म्हणतात, रडणाऱ्या मुलाचा फोटो टाका. मला तो टाकायचा नाही. पण मग काय टाकू?

हिशेबनीस

पत्र नंतर, आधी हिशेब. एका खोलीचा महिन्याचा खर्च काढा. वीज, पाणी, धुलाई आणि रात्रपाळीचा माणूस, जो सगळे विसरतात. त्याला सातने गुणा. शेजारी त्या बाईंचं डिपॉझिट आणि वर्षभराचा तुमचा भाड्यातला हिस्सा मांडा. पत्रात हे दोनच आकडे द्या.

दुसरा आकडा मोठा निघाला तरी लपवू नका. अमेरिकेत 2010 पासून 12 ठिकाणी निवाऱ्यांतल्या 2,282 कुटुंबांचा अभ्यास झाला, 'फॅमिली ऑप्शन्स स्टडी'. ज्यांना दीर्घ मुदतीची भाडेमदत देऊ केली, त्यांच्यात पुन्हा बेघर होण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, आणि तीन वर्षांनीही फरक टिकला. पण एकूण खर्च नेहमीच्या पद्धतीपेक्षा सुमारे 9 टक्के जास्त आला. तेव्हा 'स्वस्त पडतं' असं ठोकून देऊ नका.

तुमच्या त्या देणगीदारांना सांगायचं एवढंच, की डिपॉझिट परत येतं. घर सोडताना ते संस्थेकडे वळतं आणि पुढच्या कुटुंबाला लागतं. गादी वापरून फाटते, डिपॉझिट फिरत राहतं. फक्त भाडेकरारात परतावा संस्थेच्या नावे लिहून घ्या. नाहीतर मोठं गळतं तिथेच आहे, हे मी ऑडिट करताना पाहिलंय.

आणि 'निवाऱ्यासाठी' म्हणून आलेला पैसा डिपॉझिटला वळवू नका. कुपनावर 'जिथे गरज असेल तिथे' असा चौकोन ठेवा.

आडवा_प्रश्न

मग निवारा तरी कशाला चालवता? फिनलंडने 2008 पासून बेघरांसाठी 'आधी घर' हे धोरण धरलं आणि जुने निवारे बदलून त्यांची भाड्याची घरं केली. आणि देणगीतला किती भाग पगारांवर जातो, तेही कळू द्या.

हिशेबनीस

फिनलंडमागे सरकारी पैसा होता, आणि 1985 पासून सदनिका घेऊन भाड्याने देणारी वाय-सातिओसारखी संस्थाही. अकरा खोल्यांच्या संस्थेला तो दाखला लावू नका. आज रात्री दाराशी उभ्या असलेल्याला खोलीच लागते.

पगारांचं म्हणाल, तर घरमालकांकडे खेटे घालणारा माणूस हाच त्या कामाचा मुख्य खर्च असतो. 2014 मध्ये 'सायन्स'मध्ये एक प्रयोग छापून आला होता. 'कार्यालयीन खर्च आधीच एका देणगीदाराने उचललाय' असं सांगितल्यावर, 'तुमच्याइतकीच भर आम्ही घालू' असं सांगितल्यापेक्षा जास्त देणगी जमली. विश्वस्तांपैकी कोणी तो खर्च उचलतंय का, बघा. फोटोची चर्चा तिथेच थांबेल.

दुसरी_चावी

फोटोबद्दल मी बोलते. नऊ वर्षांची असताना आम्ही चौघं पाच महिने अशा एका निवाऱ्यात होतो. फोटो काढायला माणूस आला तेव्हा मी भावाशी हसत होते. तो म्हणाला, "हसू नको बाळा, जरा इकडे बघ." तो फोटो छापलेला देणगीचा कागद पुढे आमच्या शाळेच्या फळ्यावर लागला. मधल्या सुट्टीत मी तो काढून दप्तरात लपवला आणि वर्षभर कोणाला दाखवला नाही.

निवारा वाईट नव्हता. माणसं भली होती. पण खोलीला आतून कडी नव्हती. सुरक्षेसाठीच, ते आता समजतं. भाड्याच्या घरात गेलो त्या संध्याकाळी धाकट्याने आतून कडी लावली, काढली, पुन्हा लावली. कितीतरी वेळ. एरवी आवाजाने वैतागणारी आई ऐकत बसली होती. फोटो हवाच असेल तर कडीचा टाका. कडीला शाळेत कोणी चिडवत नाही.

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. काल हिशेब मांडला. आमच्याकडे सात महिन्यांचा खोलीखर्च डिपॉझिट आणि वर्षभराचा हिस्सा मिळूनही जास्त निघाला. मी तीनदा मोजलं. पत्राची पहिली ओळ ठरली: "हे पैसे आम्हाला परत मिळणार आहेत." कडीचा फोटो आज काढला, थोडा हललाय.

त्या बाईंना विचारलं, नाव न घालता तुमच्याबद्दल लिहू का? म्हणाल्या, "डिपॉझिटचं लिहा. बॅगेचं नको, लाज वाटते." इथे मात्र मी ते न विचारताच लिहून बसले होते. त्यांना तसं सांगितलं. गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, पत्र झालं की आधी मला वाचून दाखवा.

हिशेबनीस, एक राहिलं. घरमालकाने रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापले, तर ते कुठल्या खात्यात दाखवायचे?